दोन म्हशींचा सिनेमा

आमच्या मालकांनी दोन म्हशी घालवून सिनेमा काढला, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. हसू दे. त्या वेळी मी अठरा-एकोणीस वर्षांची होते आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. नवरा म्हणून मी मालक म्हणते, नाहीतर त्यांच्या मालकीचं त्या घरात रंगाच्या डब्यांपलीकडं काही नव्हतं.

गोष्ट महाराजांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवसांतली. कोल्हापुरात सिनेमा नवा होता. मोकळ्या माळावर तंबू ठोकून दाखवायचे, चित्रं मुकी असायची, आणि बघावं तेव्हा पडद्यावर कुठला ना कुठला देव. बायका चपला बाहेर काढून आत जायच्या. देव दिसला की हात जोडायच्या, कुणी जागेवरूनच फुलं टाकायच्या. देवाशिवाय दुसऱ्या कशाचा सिनेमा असू शकतो हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

मालक नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. हात फार चांगला, पण डोकं एका जागी नाही. घर चालायचं ते माझ्या सासूवर. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांचा नवरा तरुणपणीच गेलेला, पदरात एक मुलगा आणि तीन म्हशी. रोज संध्याकाळी त्या म्हशी घेऊन गंगावेशीच्या कट्ट्यावर जायच्या आणि गिऱ्हाइकासमोर धार काढायच्या. आमच्या गावात घरून काढून आणलेलं दूध कट्ट्यावर कुणी पीत नाही. म्हैस डोळ्यांसमोर पाहिजे, दूध कोमट पाहिजे आणि वर फेस पाहिजे. तालमीतले पैलवान लोटाच्या लोटा तोंडाला लावायचे. आत्याबाईंचा डावा पाय एका म्हशीनं कधीकाळी तुडवलेला, त्यामुळं त्या पाय ओढत, एका अंगाला झुकून चालायच्या. पण आवाज असा खणखणीत की त्यांच्यापुढं मोठमोठे पैलवान मुकाट्यानं रांग धरायचे.

एक दिवस जेवताना मालक म्हणाले, "आई, शिनेमा काढावा म्हणतोय."

"कुठल्या देवाचा?" आत्याबाईंनी विचारलं.

"बघशीलच की," मालक म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले.

खोटं बोलले नाहीत, खरंही बोलले नाहीत. आत्याबाईंनी आपल्या मनानंच ठरवून टाकलं की सिनेमा नृसिंहवाडीच्या दत्ताचा. दत्तावर त्यांची श्रद्धा, दर गुरुवारी उपास. शेजारणींना सांगूनही आल्या, "आमचं पोरगं देव दाखवनार हाय." मग कोडोलीच्या एका शेतकऱ्याकडं दोन दुभत्या म्हशी गहाण ठेवून पैसे उचलले. बोली अशी की दिवाळीपर्यंत पैसे परत केले तर म्हशी परत, नाहीतर त्या कायमच्या त्याच्या. तिसरी गाभण होती, तिचं दूध आटलेलं. म्हणजे कट्टा बंद. त्या दोन म्हशी परत आल्या नाहीत तर आम्ही खायचं काय, हा प्रश्न मला रोज पडायचा. देवाचं काम म्हटल्यावर आत्याबाईंना तो पडत नव्हता.

कच्ची फिल्म मुंबईहून आली. मालकांनी डबा माझ्या हातात दिला. मी विचारलं, "एवढ्याशा डब्याला किती पडलं?"

"एक म्हैस."

मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. आमची ती काळीभोर म्हैस त्या पत्र्याच्या डब्यात जाऊन बसली होती, आणि यंत्राचा दांडा फिरवला की पाव तासात संपणार होती. मी डबा असा धरला की जणू खाली पडला तर तिचा पाय मोडेल. दुसऱ्या म्हशीत मग बाकीचं सगळं बसवलं. कॅमेरावाल्याचं भाडं, फिल्म धुवायची औषधं, तंबूवाल्याला आगाऊ रक्कम. नट म्हणजे तालमीतली चार पोरं, त्यांना पैसे द्यायचे नव्हते. पण ती जेवायला बसली की भाकऱ्यांची चवड आणि रश्श्याचं पातेलं बघता बघता रिकामं. ती म्हैस निम्मी त्यांच्याच पोटात गेली, असं मी तेव्हाही म्हणायची.

चित्रं कुठं काढतात, कसली काढतात, आम्हांला कळू दिलं नाही. पंचगंगेच्या काठाला जातात एवढंच ठाऊक. मध्येच आत्याबाईंचं हिरवं लुगडं सापडेना. मी घरभर शोधलं. नंतर एक दिवस ते धुऊन दोरीवर वाळत घातलेलं दिसलं. एखाद्या देवीचं सोंग दिलं असेल, असं मी धरून चालले.

पहिल्या खेळाला आत्याबाई उपाशीपोटी निघाल्या. ताटात नारळ, फुलं, कापूर. बरोबर गल्लीतल्या बायका. तंबूत बायकांची बाजू वेगळी, मध्ये कापड लावलेलं. आत्याबाई सगळ्यांत पुढं बसल्या, ताट मांडीवर.

दिवे गेले. यंत्राची खडखड सुरू झाली. पडद्यावर नदीचा घाट आला, मग एक म्हैस आली, आणि म्हशीमागून एक बाई. पाठमोरी. डावा पाय ओढत, एका अंगाला झुकत, हातात धारेची कासंडी.

पुरुषांच्या बाजूनं पहिलं हसू फुटलं. मग म्हैस उधळली, बाई फरफटत गेली, शेणात आपटली, उठून पैलवानाच्या टाळक्यात कासंडी घातली. तंबू दणाणून गेला. "अरं, ह्यी तर गंगावेशीची दूधवाली!" कुणीतरी ओरडलं. बाईनं तोंड फिरवलं, तर ते माझ्याच नवऱ्याचं तोंड. नथीसकट.

आत्याबाईंना मात्र कळेना; त्या गोंगाटात ती आरोळी त्यांना ऐकू गेली नाही, आणि रंग फासलेल्या तोंडात लेकही ओळखू आला नाही. आणि ती चाल तरी कशी कळावी? माणसानं स्वतःला चालताना कधी बघितलेलं असतं? त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "कोन गं ह्यी बिचारी? पायानं अधू दिसती."

आयुष्यात पुष्कळ वाईट ऐकलं, पण त्या 'बिचारी'इतकं दुसऱ्या कशानं मला कापलं नाही.

मग पडद्यावरची बाई जवळ आली आणि पदराजवळचं ठिगळ दिसलं. ते ठिगळ आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं लावलेलं. त्या ठिगळाकडं बघत राहिल्या. "माझं लुगडं न्हवं ह्ये?" एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. ताट खाली गेलं. त्या पडद्याकडं चालू लागल्या, सिनेमा बंद करायला की पोराला धरायला, कुणास ठाऊक. उजेडाच्या झोतात त्यांची सावली पडद्यावर पडली. पडद्यावर एक बाई पाय ओढतेय आणि तिच्यापुढं खरी बाई तसाच पाय ओढतेय.

लोक वेडे झाले. शिट्ट्या, आरोळ्या, आणि मग पैसे. पुरुषांच्या बाजूनं पैसे आले, तमाशात नाचणारीवर उधळतात तसे. पडद्यावर आपटून आत्याबाईंच्या पायांशी पडत होते. जिनं आयुष्यभर डोईवरचा पदर ढळू दिला नाही त्या बाईवर भर तंबूत पैसे उधळले. मी धावत जाऊन त्यांना धरलं. त्यांचं अंग लाकडासारखं कडक झालं होतं.

घरी आल्यावर मी मालकांना म्हणाले, "तुमच्या आईवर लोकांनी पैसं टाकलं. कळतंय का तुमास्नी?"

त्यांचे डोळे चमकत होते. "लोक किती हसलं बघितलंस न्हवं?" म्हणाले. त्यांना तेवढंच दिसलं होतं. मी हातातली परात आपटली आणि पुढचे कितीतरी दिवस त्यांना चुलीपुढं बसू दिलं नाही. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या त्या बसल्याच. लेकाशी एक शब्द बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तंबूत मुंगीला जागा नव्हती. पण लोक सिनेमा बघायला आलेच नव्हते. "म्हातारी कवा उठनार?" असं विचारत होते. म्हातारी तर आलीच नव्हती. लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले, बाकडी मोडली. पुढं रोज गर्दी घटत गेली आणि आठवड्याच्या आत तंबू निम्मा रिकामा पडला. जमलेल्या पैशांत एका म्हशीची शिंगंसुद्धा आली नसती.

मग तंबूवाला घरी आला. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "बाईंनी रोज तेवढं उठून चालावं. गल्ल्यातला निम्मा वाटा देतो. न्हायतर उद्या तंबू उतरतोय."

मी केरसुणी उचलली. खरंच मारली असती. आतून आवाज आला, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

"थांब गं. बोलीव त्येला आत."

आत्याबाई उठून बसल्या होत्या. "दोन म्हशींचं पैसं निघंस्तवर चालंन," त्या म्हणाल्या. "रोजचा वाटा रोज माझ्या हातात. खाली पडल्यालं पैसं म्या उचलनार न्हाय, ते तुजं तू बघ. आनि पैसं फिटलं की एक पाऊल जादा टाकनार न्हाय."

"आत्याबाई, नगा हो," मी रडायला लागले. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. कोपऱ्यात उभ्या असलेल्या मालकांचा चेहरा मात्र उजळला. तो चेहरा आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

त्या रोज गेल्या. आणि रोज मी कापडाआड बसून बघितलं. गाड्या जोडून खेड्यापाड्यांतून लोक आले. कोडोलीचा तो म्हशी घेतलेला शेतकरीसुद्धा आला आणि पोट धरून हसला. चार-पाच खेळांनंतर माझ्या ध्यानात आलं की आत्याबाई मधोमध क्षणभर थांबतात. हसू ओसरू देतात, मग पुढचा पाय ओढतात. मापानं दूध घालावं तसं त्या हसू घालत होत्या. अपमान सोसणारी बाई मी बघितली होती. त्याचा हिशेब बसवणारी बघितली नव्हती.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा त्यांनी एका संध्याकाळी पैसे मोजले, पदराला गाठ मारली आणि म्हणाल्या, "झालं." बाहेर लोक तिकिटासाठी एकमेकांच्या अंगावर चढत होते. तंबूवाला हाता-पाया पडला. मालकांनी तर खरोखरच पाय धरले. "आई, आठच दीस. दुसरा शिनेमा निघतोय बघ ह्यात."

त्यांनी पाय सोडवून घेतला, तोच डावा, आणि घरी निघाल्या. दुसऱ्या दिवशी कोडोलीला जाऊन म्हशी सोडवून आणल्या. मालकांच्या हाती राहिला फिल्मचा डबा. म्हातारीशिवाय तो सिनेमा पुन्हा कुणी मागितला नाही.

त्यानंतर आम्ही दोघी म्हशी घेऊन गंगावेशीत गेलो. आता हसतील, आता कुणी नक्कल करेल, असं वाटत होतं. रांगेत एक पोरगा खिदळलाही. आत्याबाईंनी नुसती मान वर केली आणि तो लोटा घेऊन सरळ उभा राहिला. धार सुरू झाली.

तेवढ्यात मालक आले. सगळं मिटलं असं त्यांना वाटलं असावं. आईच्या म्हशीचं पहिलं दूध लहानपणापासून त्यांचं. रांग सोडून ते पुढं गेले आणि हसत लोटा धरला. सगळा कट्टा बघत होता. आत्याबाईंनी धार थांबवली नाही, मान वळवली नाही. अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलतात त्या सरळ आवाजात म्हणाल्या,

"पावणं, पैसं आधी."

मालकांनी खिसा चाचपला. खिशात दमडी नव्हती. ते रिकामा लोटा घेऊन बाजूला झाले, आणि मागचा पैलवान पुढं सरकला.