गौतम मिस्त्री इंदापूरला गेला

दुकानातल्या फोनवर निरोप आला. मी लंगडत पोचेपर्यंत फोन ठेवून झाला होता. दुकानदार म्हणाला, "इंदापूरहून हुता. तुमचे गौतम मिस्त्री... सकाळी गेले म्हणं. छातीत कळ आली आन् दवाखान्यात न्यायच्या आतच." मी तिथंच साखरेच्या पोत्यावर टेकलो. या गोष्टीला आता महिना होत आला, पण अजून वाटतं, निरोप चुकीचा असेल. आम्ही पाच-सहा वर्षांत एकदाच भेटलो होतो, म्हणूनही असेल. दिसत नसलेला माणूस तसाही कुठंतरी असतोच.

एक्क्याण्णव-ब्याण्णवचा सुमार. बारामतीत तालुक्याच्या सरकारी गाड्यांसाठी एक पत्र्याची शेड होती, तिथं गौतम मेकॅनिक. मी त्यातल्याच एका जीपचा ड्रायव्हर. पाण्याचे टँकर, लसी नेणाऱ्या जीपा, एक जुनी रुग्णवाहिका असं सगळं त्याच्या हाताखालून जायचं. रुग्णवाहिकेला तो 'आत्याबाई' म्हणायचा, कारण ती सकाळी कुरकुर केल्याशिवाय चालूच व्हायची नाही. उन्हाळ्यात शेड अशी तापायची की पान्हे हातात धरवत नसत. तो ते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. दुपारी आम्ही डबे एकत्र उघडायचो. कमलवैनींच्या हातची हुलग्याची उसळ आली की माझी भाकरी त्याच्याकडं आणि त्याचा डबा माझ्याकडं. एप्रिलात त्यांच्या वस्तीवरच्या जयंतीला मी जायचो आणि आमच्या गुऱ्हाळावर काकवी खायला तो यायचा. त्याला गाणं येत नव्हतं, तरी गाडीखाली आडवा पडून तो सारखा गुणगुणायचा. गुणगुणणं थांबलं की समजायचं, काहीतरी अडलंय.

त्या दिवशी सकाळी त्यानं माझ्या जीपच्या ब्रेकचा रबरी पाईप नवा बसवला. मग शेजारी बसला, आणि आम्ही एमआयडीसीपर्यंत जीप पळवून आणली. उतारावर, वळणावर, अगदी अचानक दाबूनही पाहिलं. ब्रेक खणखणीत लागत होता. मग मी लोणी भापकरला लसींचे डबे पोचवले आणि परत फिरलो. कालव्याजवळच्या उतारावर समोर उसाची बैलगाडी होती. मी पाय दाबला आणि पेडल तसंच खाली गेलं... जीप बाभळीवर घातली. गाडीवान वाचला, बैलं वाचली. माझा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला तो कायमचाच आखडला.

तपासणी झाली. पाईप आतून कच्चा निघाला. बाहेरून कुणालाच कळलं नसतं. यात मिस्त्रीची चूक नाही, असं साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मीही दवाखान्यातून तेच कळवलं. पण गौतमला ते पटेना. काही चूक सापडली असती तर त्याला बरं वाटलं असतं, असं मला पुढं कितीदा तरी वाटलं. निदान तिच्यावर काही इलाज करता आला असता.

दवाखान्यात तो रोज यायचा आणि दारात उभा राहायचा.

"आत ये की रं."

"हात काळं हायेत," म्हणायचा. हात स्वच्छ धुतलेले असायचे.

मी कामावर परतलो, तो शिपायाच्या स्टुलावर. स्टूल शेडच्या समोरच होतं. तो मला दिवसभर दिसायचा, पण गुणगुणणं ऐकू यायचं नाही. मग एक दिवस कळलं, त्यानं अर्ज करून इंदापूरला बदली मागून घेतली. जाताना भेटलाही नाही. मी एस्टीच्या ड्रायव्हरांकरवी निरोप धाडत राहिलो, जेवायला ये म्हणून. "येतो म्हणाला," एवढंच उत्तर परत यायचं.

शेवटी मीच गेलो. तो टँकरखालून बाहेर आला, हात पुसले, चहा मागवला. बराच वेळ आम्ही वालचंदनगरला नोकरीला असलेल्या त्याच्या भावाबद्दल बोललो. मग तो जमिनीकडं बघत म्हणाला, "थंडीत दुखतो का?"

"थोडा. तेवढं चालायचंच. गौतम, आता सोड की ते."

"तू दारातनं यायचास तवा नुसत्या पावलावरनं वळखायचो मी," तो म्हणाला. "मगाशी आलास... न्हाय वळखलं."

एस्टीत बसवून देताना त्यानं कंडक्टरला मला पुढची जागा द्यायला सांगितलं. ते त्याचं शेवटचं दर्शन.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी इंदापूरला गेलो. माणसं पांगल्यावर कमलवैनी मला घरामागं घेऊन गेल्या. पत्र्याच्या आडोशाला ताडपत्रीखाली एक स्कूटर होती. जुनीच, पण हिरवा रंग नवा. मागं आधाराला दोन जादा चाकं. उजव्या पायाचा ब्रेक काढून त्यानं तो हाताशी आणला होता.

"तुमच्यासाठी बनवलीय, भावजी," वैनी म्हणाल्या. "दोन वर्षं झाली तयार हाय. दर रविवारी वालचंदनगरच्या रस्त्याला न्यायचे आन् परत आणून झाकून ठेवायचे. मी म्हणायची, द्या की न्हेऊन. तर म्हणायचे, आजून एकदा बगतो."

वैनींनी धरलं तसा मी स्कूटरवर बसलो. अंगण उतरतं होतं, गाडी आपसूक पुढं सरकली. मी हात आवळला आणि ती जागच्या जागी थांबली.

वैनी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. "कसा हाय ब्रेक?"

"चांगला हाय, वैनी. लई चांगला हाय."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "एवढं ऐकायला तरी," त्या म्हणाल्या, "थांबायला पायजे हुतं."