समुद्रातल्या विहिरीचं फेरमाप

परतूरच्या मोंढ्यात ज्यांची कापसाची आडत आहे, त्या मारवाडी घरातल्या धाकट्या मुलाने मला एकदा सांभाळून घेतलं. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. ते इंजिनियर, मी सातवीत शाळा सोडलेला. माझे वडील त्यांच्या वडिलांच्या आडतीवर कापसाची गाडी घेऊन जायचे, एवढाच आमचा आधीचा संबंध, आणि तोही त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी काय केलं ते सांगायचं तर आधी माझी चूक सांगावी लागेल.

समुद्रावर जायच्या आधी मी बोअरच्या गाडीवर होतो. घनसावंगी, अंबड, परतूर, बोलावणं येईल तिकडं. आमच्या गाडीवर खोली मोजायची रीत सोपी होती. एक रॉड म्हणजे वीस फूट. रॉड जमिनीत गेला की गाडीच्या पत्र्यावर खडूची एक रेघ. रेघा मोजल्या की खोली कळली. टेप कोणी काढत नसे आणि शेतकऱ्यालाही ते बराबर वाटायचं. त्याच धंद्यातल्या एका ओळखीच्या ठेकेदाराने मला समुद्रातल्या तेलविहिरीच्या रिगवर मजूर म्हणून लावलं. लग्न झालेलं होतं, पोरगी रांगत होती. घर सोडताना मी बायकोला म्हणालो, “तिथंबी बोअरच हाय. पाण्यात हाय, एवढंच.”

चौदा दिवस रिगवर, चौदा दिवस घरी, असा तो नेम. चहूकडे पाणी आणि मधे आमचं लोखंड. माझं ‘करून राह्यलो’ ऐकून बाकीचे हसायचे, म्हणून मी हळूहळू बोलणंच कमी केलं. कोणी काही सांगितलं की मान हलवायची. कळलं नाही तरी हलवायची. जेवायला मी सगळ्यात शेवटी जायचो, म्हणजे शेजारी कोणी बसत नसे. घड्याळात पाहून मनात म्हणायचो, आता परतूरला पॅसेंजर आली असेल, आता जीपवाले घनसावंगीच्या नावानं ओरडत असतील.

अशातच आमच्यापासून बऱ्याच अंतरावर दुसऱ्या एका रिगची विहीर फुटली. खालून तेल आणि वायू जोरात वर यायला लागले, वर आग लागली. माणसं वाचली, पण विहिरीजवळ जायची सोय राहिली नाही. तेव्हा आमची रिग ओढून नेऊन तिच्यापासून किलोमीटरभरावर उभी केली. आता आमच्या सुट्ट्या बंद.

ते इंजिनियर साहेब ती आग विझवायच्या कामासाठी हेलिकॉप्टरने आले. मी डेकवर पाइप रचत होतो.

“गाव कोणतं?” त्यांनी विचारलं.

“घनसावंगीकडं, साहेब.”

“अरे, मंग इतकं दबून का बोलून राह्यला? मी परतूरचा. मोंढ्यातला.”

किती दिवसांनी कोणी माझ्याशी असं बोललं होतं. मी विचारलं, “साहेब, ती आग आपण इतक्या लांबून कशी इझवायची?”

ते म्हणाले, “आपल्याकडं विहिरीत उतरून आडवं बोअर मारतेत न्हाई का? झऱ्याकडं? तसंच समज. फक्त इथं विहिरीत उतरता येत न्हाई, अन् झरा लागला की तो बुजवायचा हाय.”

पुढे रोज थोडं थोडं त्यांनीच समजावलं. आमची विहीर आधी सरळ खाली जाणार. मग तिला हळूहळू कलवत फुटक्या विहिरीकडे न्यायचं आणि खोल तळाशी, जिथून तेल उसळतंय तिथं, तिला गाठायचं. मधेमधे एक यंत्र आत सोडून भोक किती कललंय, कोणत्या दिशेला चाललंय ते पाहायचं. जवळ पोचलं की दुसरं यंत्र फुटक्या विहिरीतल्या लोखंडी नळाचा वास घेणार. हा ‘वास’ त्यांचाच शब्द. नळ गाठला की आमच्या बाजूने जड गाळ जोराने भरायचा, इतका जड की त्याच्या वजनाखाली तेल दबून जाईल. मग सिमेंट. “नळ केवढा असतो, साहेब?” मी विचारलं. त्यांनी दोन्ही हातांनी दाखवला. घागरीच्या तोंडाएवढा.

बोटीतून नवे चाळीस पाइप आले. ते मोजायचं काम माझ्यावर आलं. टेपचं एक टोक दुसऱ्याने पाइपच्या मागच्या तोंडाशी धरायचं, पुढच्या टोकाशी मी आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. पुढच्या टोकाला आटे असतात. टेप कुठं धरायचा हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वस्तू मोजायची ती या टोकापासून त्या टोकापर्यंत, एवढं माझं ज्ञान. मी आट्यांच्या पार शेवटापर्यंत टेप ताणला. चाळीसही पाइप तसेच. वहीवर साहेबांची सही झाली आणि पाइप विहिरीत गेले.

तीन दिवसांनी आणखी पाइप आले. या वेळी आकडा वाचायला एक म्हातारा कामगार होता आणि मी मागचं तोंड धरून. पाहतो तर त्याने टेप आट्यांच्या अलीकडेच थांबवला.

“काका, आटे सोडून दिले तुम्ही?”

“आटे दुसऱ्या पाइपच्या पोटात जातात ना! दोनदा मोजतोस की काय? सासुरवाडीचं कापड आहे का, ताणून घ्यायला?”

सगळे हसले. मी मनात हिशेब केला. प्रत्येक पाइपमागे साडेचार इंच जास्त, आणि पाइप चाळीस.

त्या दुपारी मी जेवलो नाही. सांगितलं तर पुढच्या बोटीने घरी, आणि ठेकेदार परत दारात उभं करणार नाही. नाही सांगितलं तर विहीर चुकेल. खडूच्या रेघांत असल्या चुका किती मुरल्या असतील कुणास ठाऊक. पण तिथं शंभर फुटांवर पाणी लागलं काय, नि एकशेतीनवर लागलं काय, लागलं म्हणजे झालं. इथं घागरीचं तोंड गाठायचं होतं. मी दोनदा साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत जाऊन आलो. तिसऱ्यांदा त्यांनीच हाक मारली.

“काय रे गाववाले, दार मोजून राह्यला का?”

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी कागद ओढून आकडा मांडला. मग म्हणाले, “म्हणजे कागद म्हणतो तिथं आपण न्हाईच. साडेचार मीटर अलीकडं हाय.”

“मला काढून टाका, साहेब. पण आधी ते नीट करा.”

“आमच्या आडतीवर काटा चुकला असं वाटलं की काय करतेत, ठाऊक हाय?”

“फेरतोल.”

“अन् चूक कोणाच्या नावावर लागते?”

“हमालाच्या न्हाई. आडत्याच्या.”

“मंग झालं. वहीवर सही माझी हाय. न बघता केली.”

त्यांनी वरच्या साहेबांना जाऊन सांगितलं, “माझ्या मापात चूक आहे, सगळं फेरमाप करू.” सगळे पाइप बाहेर काढून, एकेक मोजून, पुन्हा आत सोडले. त्यात दोन दिवस गेले. साहेब स्वतः आट्यांपाशी बसले होते आणि टेप माझ्या हातात दिला होता. माझ्याबद्दल कोणी काही विचारलं नाही.

पुढे काही आठवड्यांनी यंत्राला नळाचा वास लागला. विहीर विहिरीला भिडली, गाळ आत गेला. मी डेकवर उभा राहून पाहत होतो. ज्वाळा आधी बुटकी झाली, मग धुरकट झाली, आणि मग तिथं नुसतं वाकडं लोखंड राहिलं. आमच्या रिगवर कोणी जल्लोष केला नाही. ज्याला त्याला झोप हवी होती.

साहेबांना मात्र त्या दोन दिवसांबद्दल लेखी ठपका मिळाला. बहिणीच्या लग्नासाठी त्यांना खास म्हणून सुट्टी कबूल झाली होती, तीही रद्द झाली. हे मला ते गेल्यावर कळलं.

घरी आल्यावर मी परतूरला त्यांच्या आडतीवर गेलो, चूक माझी होती हे सांगायचं म्हणूनच गेलो. ओट्यावर त्यांचे वडील, शेठजी, बसले होते. पोराबरोबर काम करतो म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला.

“बहिणीच्या लग्नाला आला न्हाई,” ते म्हणाले. “मापात चुकलो, असं त्यानंच लिहिलं. आमच्या घरात काटा कधी चुकला न्हाई हो.”

काट्यापाशी एक हमाल उभा होता. तो म्हणाला, “शेठजी, धाकल्याला इथंच बसवा काट्यावर. समुद्राचं माप कोणाला जमलंय!”

सगळे हसले. मीही हसलो. चहा पिऊन, नमस्कार करून, स्टेशनकडे चालत आलो.

आता मी आखातात एका पाइपांच्या यार्डात आहे. नव्या माणसाला टेप देताना आटे आधी दाखवतो. इथंही जेवायला शेवटीच जातो, सवय झाली. शेठजी थकलेत, पण अजून ओट्यावर येऊन बसतात, असं गावाकडून कळतं.

साहेब, तुमचं माझ्याकडं हेच राहिलंय. एक दिवस मी परतूरला उतरीन. मोंढा भरलेला असताना, हमाल-शेतकरी सगळे समोर असताना, तुमच्या वडिलांना सांगीन की तुमचा मुलगा चुकला नव्हता, माप मी चुकलो होतो. कोणी हसलं तर हसू द्या. ते सांगितल्याशिवाय मी तिथला चहा घेणार न्हाई.