कारणाचा रकाना

सरकारी दवाखान्यात नोंदी भरायची नोकरी मी सोळा वर्षं करतोय, आणि तिच्याबद्दल मला काडीचाही आदर नाही. डॉक्टर कागदावर दोन ओळी खरडतो, मी आजारांच्या जाड पुस्तकात बघून त्याचा सांकेतांक करतो आणि वर पाठवतो. वर बसलेले उंटावरून शेळ्या हाकतात. त्यांना आकडा पुरतो.

हाड मोडलं की सांकेतांकाबरोबर कारणाचा रकानाही भरावा लागतो. पडणे, वाहन अपघात, मारहाण, इतर. आमच्या साहेबांना 'इतर'चं भारी वावडं. 'इतर' जास्त झाले की वरून पत्र येतं आणि साहेबांचा दुपारचा चहा कडू होतो. म्हणून काही कळेनासं झालं की मी 'पडणे' टाकायचो. यादीत पहिलंच होतं ते, बोट हलवायचेही कष्ट नाहीत.

सिरसाळ्याकडची एक बाई आपल्या पाच वर्षांच्या मुलीला लाकडी पाटावर गोधडी अंथरून, त्यावर निजवून आणायची. कारण कडेवर घेतलं तरी पोरीचं हाड मोडायचं. एकदा फ्रॉक घालताना हात मोडला, एकदा नुसती शिंक आली आणि बरगडी गेली. दर वेळी आमच्याकडे नवा डॉक्टर, नवं प्लास्टर आणि माझं 'पडणे'. पोरीच्या डोळ्यांतला पांढरा भाग निळसर होता, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही. शेवटी मोठ्या शहरातल्या डॉक्टरनं ते डोळे बघूनच ओळखलं. हाडं ठिसूळ करणारा जन्मजात आजार. त्याला वेगळा सांकेतांक आहे, क्यू अठ्ठ्याहत्तर पूर्णांक शून्य. माझ्या टेबलावरच्या पुस्तकात तो पहिल्यापासून होता.

ते निदान घेऊन बाई अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेली. दाखल्यावर चाकाची खुर्ची मिळणार होती, पोरगी शाळेत जाणार होती. तिथल्या डॉक्टरांनी आमच्या जुन्या नोंदी पाहिल्या आणि हा आजार नव्हे, आईचा निष्काळजीपणा आहे, असं तिला सुनावलं. आधी नोंदी दुरुस्त करून आणा म्हणाले. ती आमच्या नोंदींचा छापील कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली, पोरगी शेजारच्या बाकावर, पाटावर. सातवी शिकलेली होती, एकेका ओळीवर बोट ठेवत गेली.

"आठ येळा पडली म्हणून लिवलंय. का म्हून? मी तिला एकदाबी पडू दिली न्हाई."

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी मान वर न करताच सांगितलं की जुन्या नोंदी आता बदलता येत नाहीत, पुढच्या वेळी बरोबर टाका. मला त्या माणसाची किळस आली. मग बाहेर येऊन मी तेच त्या बाईला ऐकवलं, साहेबांच्याच सुरात.

तिनं पाटावरच्या पोरीची गोधडी सारखी केली.

"पुढच्या येळी म्हंजे," ती म्हणाली, "अजून एक हाड मोडल्यावर?"

मी मान हलवून हो म्हटलं.