मोरचूद नसलेली खळ

पुस्तकं बांधणाऱ्या एका गृहस्थाला सगळी गल्ली चिकटराव म्हणायची. एकदा गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं, की प्रश्न विचारून विचारून तो त्याला सोडायचाच नाही.

त्याचा एक नेम होता. बांधणीला आलेल्या प्रार्थनेच्या पुस्तकांतलं एक उचलायचं, कुठल्याही धर्माचं असो, सकाळी त्यातलं एक पान वाचायचं आणि संध्याकाळपर्यंत तसं वागून बघायचं. कुणाचं पुस्तक उजवीकडून उघडायचं, कुणाचं रेशमी फडक्यात गुंडाळून यायचं. लिपी कळली नाही, तर गिऱ्हाइकालाच स्टुलावर बसवून वाचून घ्यायचा. एकदा राग आवरण्याचं पान निघालं आणि नेमका त्याच दिवशी मेहुणा आठ दिवसांसाठी राहायला आला. बायको म्हणाली, "पान जरा बघून उघडत जा."

तर एके दिवशी कामाची घाई होती. चिकटरावानं आधी काम उरकलं आणि पान वाचलं चहाच्या वेळी. पुस्तक होतं सिस्टरबाईंचं. बाई हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या. पुस्तक त्यांच्या आईचं. पानावर लिहिलं होतं, की मेलेल्या जिवाचंही काही आपल्या सोयीसाठी वापरू नये. चिकटरावानं कप खाली ठेवला. बाई चाळीस वर्षं चामड्याची चप्पलसुद्धा घालत नव्हत्या, आणि यानं त्यांच्या पुस्तकाच्या पाठीला सकाळीच सरस फासला होता. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला चिकटा.

"गप्प बसा. त्यांना कुठून कळणार?" बायको म्हणाली.

"मला कळलंय ना."

"मग तुम्ही ते पान वाचायलाच नको होतं."

एवढ्यात बाई पायरी चढल्याच. चिकटरावानं पुस्तक पुढं न करता आधी सगळं सांगून टाकलं. "सरस अजून पुरता वाळला नाही. कोमट पाण्यानं पुसून मैद्याची खळ लावतो."

बाई स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "आणि जुनी बांधणी कशाची होती हो?"

आता आली का पंचाईत. जुना थर त्यानं स्वतः खरवडला होता. खरं बोललं तर एका वाक्यात बाईंचा चाळीस वर्षांचा नेम मोडणार होता. खोटं बोललं तर बाई सुखानं घरी जाणार होत्या. त्यानं बायकोकडं पाहिलं. बायको कपाट आवरू लागली.

"तोही सरसच होता, सिस्टर."

बाईंचे डोळे भरले. मग त्यांनी विचारलं, "कुणाचा असेल?"

"बैलाचा, म्हशीचा. सांगता नाही येत."

"म्हणजे रोज सकाळी तोही माझ्यासोबत प्रार्थनेला बसत होता," बाई हळूच म्हणाल्या. "आणि मी एकदाही त्याची विचारपूस केली नाही."

चिकटरावानं खळीसाठी मैदा पाण्यात कालवला. त्यानं स्टोव्ह पेटवला. बाई उठून शेजारी उभ्या राहिल्या आणि डाव हातात घेऊन स्वतःच खळ ढवळू लागल्या. गुठळ्या होऊ दिल्या नाहीत. चिकटरावानं सवयीनं डबीतला निळा खडा काढला.

"हे काय?"

"मोरचूद. खळीत घालावाच लागतो."

"कशाला?"

चिकटराव खड्याकडं बघत म्हणाला, "मैदा खायला किडे येतात. ते मरावेत म्हणून."

आधी बायको हसली, मग बाई, आणि शेवटी चिकटरावही. हसता हसता तिघांनाही प्रश्न पडला, की आता करायचं काय. सरस लावावा तर बैल, खळ लावावी तर किडा.

"नाही घातला तर पुस्तक किती टिकेल?" बाईंनी विचारलं.

"वर्ष-दोन वर्षं. मग पोखरायला लागतील."

"मग वर्षानं येईन. तुम्ही पाठ उघडून बघायची, साफ करायची, पुन्हा बांधायची. जमेल?"

"जमेल की. पण किडे निघाले तर?"

"झटकून बागेत सोडू. तिथंही त्यांना काहीतरी मिळेलच खायला."

त्यानं मोरचूद डबीत ठेवला. बाई दर वर्षी येतात. दोघं भिंग घेऊन पुस्तकाच्या पाठीत डोकावतात, आणि किडा दिसला की आधी त्याला बाहेर काढायचं कसं, यावर तासभर वाद घालतात.