डाळिंबाच्या वड्या आणि एकच ताट

२ डिसेंबर २०२३, शनिवार. संयुक्त अरब अमिरातीच्या स्थापनेला त्या दिवशी बावन्न वर्षे पूर्ण झाली. अबुधाबीतल्या एका जुन्या इमारतीतली मुले मात्र सकाळपासून प्रमिला सातोसकरांच्या डाळिंबाच्या गमीजची, म्हणजे चघळायच्या लवचिक वड्यांची, वाट पाहत होती.

प्रमिलाताई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. यजमान एका तेल कंपनीच्या हिशेब विभागात. राष्ट्रीय दिनाला तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मुले जमत, आणि ताईंचा एक नेम होता: सगळ्यांना एकाच ताटातून द्यायचे, कुणासाठी वेगळी बशी मांडायची नाही. एकेका मजल्यावर चार तऱ्हांची सोवळी नांदणाऱ्या त्या इमारतीत हा नेम पाळणे सोपे नव्हते. त्यांनी तो वर्षानुवर्षे पाळला होता.

त्या वर्षी मुलांनी दुकानातल्यासारख्या गमीज मागितल्या. शेजारच्या मैमुनाबींच्या नातवंडांना चालाव्यात म्हणून ताईंनी वड्या घट्ट करणारे जिलेटिन हलालचा शिक्का पाहूनच आणले. आदल्या संध्याकाळी ते गार पाण्यात फुलवले, डाळिंबाच्या कोमट रसात विरघळवले, उकळी फुटू न देता उतरवले आणि ट्रेमध्ये ओतून फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी वड्या अशा सुटल्या की बोटाने दाबताच पुन्हा वर येत.

मैमुनाबी चहाला आल्या. ओट्यावरचे रिकामे पाकीट उचलून त्यांनी चष्म्याजवळ धरले.

"प्रमिला, हलाल म्हणजे डुकराचं नाही, एवढंच कळलं. मग कुणाचं, ते वाचलंस का?"

बारीक अक्षरांत गोवंशाचा उल्लेख होता. मैमुनाबी गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलेही नसते. ताईंनी पाकीट हातात घेऊन ते पुन्हा वाचले. दुसऱ्यांना काय चालते हे पाहताना स्वतःच्या घरी काय चालत नाही, तेच पाहायचे राहून गेले होते. त्यात ट्रेच्या कोपऱ्यातली एक वडी नाहीशी झालेली. सकाळी स्वयंपाकघरात डोकावून गेली होती ती समोरच्या उर्मिलाची मुलगी शुभ्रा, आणि उर्मिलाच्या घरी अंडेसुद्धा येत नसे.

"ट्रे माझ्याकडे, खलास," म्हणत मैमुनाबींनी तो नेला आणि रमजानमधल्या पुडिंगचा उरलेला चायना ग्रास आणून दिला. तो समुद्री शेवाळाचा. त्याला खळखळून उकळी हवी. तो भिजत घालून ताई उर्मिलाच्या दारी गेल्या आणि घडले तसे सांगितले. शुभ्राला विचारले, तर ती म्हणाली, "आय ओन्ली लुक्ड, आंटी."

उर्मिलाने उंबऱ्यातूनच विचारले, "ताई, सांगितलं नसतंत तर?"

"तर तुझ्या पोरीला पुन्हा काही देताना माझा हात पुढे झाला नसता."

उर्मिलाने दार लोटून घेतले.

हॉलमध्ये मांडलेल्या चायना ग्रासच्या नव्या वड्या चावताच तुटत होत्या. ही गमी नव्हेच, असा मुलांनी इंग्रजीत निकाल दिला आणि ती खातही राहिली. ताट निम्मे झाले तरी ताईंची नजर जिन्याकडेच होती. उर्मिला उशिरा उतरली, शुभ्राचा हात धरून. तिने एक वडी आधी स्वतः खाल्ली, मग शुभ्राला दिली. मैमुनाबींच्या नातवाचा हात त्याच वेळी त्याच ताटात होता.

ताई आणि मैमुनाबी यांनी स्वतंत्रपणे सांगितलेल्या हकिकती एकमेकींशी जुळतात. मात्र कोपऱ्यातली वडी कुणी खाल्ली, याचा पत्ता आजवर लागलेला नाही. ट्रे काढताना ती खाली पडली असावी, असे ताईंच्या यजमानांना वाटते. त्याला दुजोरा मिळत नाही. दार लोटल्यानंतर उर्मिलाच्या घरी काय बोलणे झाले, हेही अज्ञात आहे.