कळेची डॉक्टर

डॉ. आम्रपाली साळवी यांच्या हातून आजवर एकही पेशंट बरा झालेला नाही. हे मी म्हणत नाही, त्या स्वतःच म्हणतात. महाडात एकदा त्यांचा सत्कार ठेवला, तर माइकवर पहिलं वाक्य हेच. आयोजकांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. हातातला नारळ सांभाळत बाई पुढे म्हणाल्या, "माझ्याकडे येतो तो जाणारच असतो. तो विव्हळत जाणार की घरच्यांशी बोलत बोलत जाणार, एवढंच माझ्या हातात आहे. तेवढं मी सोडत नाही."

तेवढं न सोडण्यात बाईंची एकोणीस वर्षं गेली.

त्या मूळच्या बिरवाडीच्या. वडील कारखान्यात, भाड्याची एक खोली. मुलगी मुंबईला डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा वडिलांचा कॅन्सर मणक्यात उतरला. मोठ्या हॉस्पिटलाने दोन शब्द सांगितले, घरी न्या. घरी आणलं आणि सतरा दिवस माणूस ओरडत होता. शेजारी टीव्हीचा आवाज वाढवायचे. "त्यांच्यावर राग नाही," बाई सांगतात, "राग माझ्यावर. उशाशी डॉक्टरकीची पुस्तकं आणि बापाला द्यायला एक गोळी नाही."

पुढे शिकून आल्या त्या हेच काम घेऊन. बरं न होणाऱ्याची कळ थांबवायची, त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. महाडात तेव्हा ते नाव कुणाच्या तोंडात बसत नव्हतं. नातेवाईक म्हणाले, एवढी शिकलीस ती मरणाऱ्यांसाठी? दोन खोल्यांचा दवाखाना, एक नर्स, आणि मॉर्फिन ठेवायचा परवाना नाही. परवान्यासाठी चार वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. एक साहेब म्हणाला, "नशेच्या गोळ्या तुम्ही डोंगरात वाटणार, मॅडम?" बाईंनी कायद्याचं पान त्याच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "वाचा. मी थांबते." मी चळवळीतला, बाईंचा जुना मित्र. म्हटलं होतं, मोर्चा नेऊ. त्या म्हणाल्या, "मोर्चा नको. तू फक्त सोबत ये आणि गप्प बस. जमेल?" मला ते जमलं नाही, ते असो. परवाना मात्र मिळाला.

आता रंगूबाईची गोष्ट. बाई काय चीज आहेत ते मला त्या दिवशी कळलं.

कापडे गावाच्या वर डोंगरात एक वाडी आहे. रस्ता खाली संपतो, पुढे तासभर पायवाट. तिथली रंगूबाई, नवरा नाही, मुलगा सुधीर मुंबईत कामाला. आयुष्यभर मिश्री लावली, गालाला कॅन्सर झाला, गाल फुटला. मुंबईहून तेच दोन शब्द घेऊन मायलेक वाडीत परतले. बाई दर आठवड्याला वर जायच्या. पहिल्याच खेपेला रंगूबाईचा दीर भागोजी, गावकीतला मोठा माणूस, ओटीवरून म्हणाला, "साळवी म्हंजे कुठले साळवी?"

"बिरवाडीचे."

"तसं नाय. म्हंजे..."

"तसं म्हणजे कसं ते कळलं मला. गोळ्या हातात घेताय की जमिनीवर ठेवू?"

भागोजीने हातात घेतल्या.

मॉर्फिनने कळ थांबली. जखमेवर बाई एका साध्या गोळीची पूड टाकायच्या, त्याने वास गेला. वास गेला तशी दारावरून परतणारी माणसं आत येऊन बसायला लागली. रंगूबाईची एकच इच्छा उरली होती. शिमग्याला पालखी दारात आली की देवाची ओटी आपल्या हाताने भरायची.

नेमकं तिथेच गावकीचं गणित आडवं आलं. वाडी सगळी एका भावकीची. शिमग्यात कुणी गेलं की सगळ्यांना सुतक, पालखी उरलेल्या दारांत जात नाही. म्हणून ठरलं, म्हातारीला डोलीतून खाली न्यायचं, महाडला दाखल करायचं. तिथे काही झालंच तर देव देवळात बसेपर्यंत वाडीला कळवायचं नाही.

सुधीरचा फोन आला तो वीस मार्चला. बाई चवदार तळ्याच्या गर्दीत बीपी तपासत बसल्या होत्या. ऐकलं, मशीन नर्सच्या हातात दिलं आणि मला म्हणाल्या, "गाडी काढ."

अर्धी पायवाट चढलो तर डोली समोर. बांबूला बांधलेली चादर, चार खांदे, पुढे भागोजी, मागे मान खाली घातलेला सुधीर. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला खोल घळ. बाई वाटेच्या मधोमध मांडी घालून बसल्या.

"बाय, वाट सोडा."

"पेशंट माझी आहे. कुठे नेताय?"

"हास्पिटलात. चांगल्यासाठीच नेतो."

"काय करणार तिथे? जे व्हायचं ते सगळं मुंबईत झालंय."

भागोजी चिडला. "देव दारात यायचा हाय! हितं काय झालं तर वाडीच्या वट्या भरायच्या राहतील. तुम्हाला काय त्याचं?"

"आणि हॉस्पिटलात काही झालं तर?"

"सांगावा दोन दिसांनी येल."

"म्हणजे मेलेलं माणूस दोन दिवस जिवंत ठेवणार तुम्ही. मला नाही हो जमत तेवढं, मी नुसती डॉक्टर आहे."

खांदेकऱ्यांतला एक जण फिस्सकन हसला. भागोजीने त्याच्याकडे पाहिलं तसा तो खांद्यावरचा बांबू सावरू लागला.

"दोन दिस जगंल याची ग्यारंटी देता?"

"नाही. कळ लागू देणार नाही, एवढीच देते."

मी तोंड उघडणार होतो. बाईंनी बोट वर केलं. तेवढ्यात चादरीतून आवाज आला, तुटका, पण सगळ्यांना कळेल असा.

"भागू. तुजा शेंबूड पुसला रे मी. आनि तू मला घराभायेर काडतोस?"

भागोजीने डोक्याची टोपी काढली, परत घातली. मग चादरीजवळ वाकून म्हणाला, "वयनी, देवाचं हाय म्हून..."

"देवाला मी सांगीन. माजं मागनं त्याच्याशी हाय. तू फिर."

वाट इतकी अरुंद की डोली वळवताच येईना. चौघांनी बांबू एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला आणि होते तिथेच तोंडं फिरवली. मागचे पुढे झाले. बाई उठल्या, साडीची माती झटकली आणि डोलीमागून चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पालखी रंगूबाईच्या दारात नाचली. ताजी पट्टी बांधलेली, सुधीरच्या आधाराने बसलेली रंगूबाई. तांदूळ, नारळ, खण, सगळं स्वतःच्या हाताने वाहिलं. सुधीर हात धरायला गेला तर त्याचा हात तिने झटकला.

तिसऱ्या दिवशी उन्हं आल्यावर ती गेली. सुधीरशी चहावरून कुरकुर करता करता गेली.

पालखी जायची पाच घरं राहिली होती. त्यात भागोजीचं. पालखी वरच्या अंगाला होती, ढोल चालू होता, आणि घरातलं कुणीतरी हळूच म्हणालं, संध्याकाळपर्यंत दार लोटून घेऊ, कुणाला कळतंय? भागोजी तिथेच उभा होता. तो बाहेर गेला आणि ढोलवाल्यापुढे जाऊन म्हणाला, "वयनी गेली. ढोल ठेवा."

बाई निघाल्या तेव्हा त्याने वाट अडवली. "माजी वटी राहिली, बाय. तुमच्यापायी."

"राहिली," बाई म्हणाल्या. माफी वगैरे काही नाही. "वहिनी ओरडल्या का?"

"नाय."

बाई चालायला लागल्या. भागोजीने त्यांच्या औषधांची पिशवी उचलली आणि रस्त्यापर्यंत सोबत आला.

गावकीने पुढे ठराव केला, त्या डॉक्टरीणबाईला वाडीत बोलवायचं नाही. तो ठराव अजून आहे. साळवी बाईने आमचा शिमगा बुडवला, असं भागोजी आजही कापड्याच्या स्टँडवर भेटेल त्याला सांगतो. आणि कुणाच्या घरी दुखणं हाताबाहेर गेलं असेल तर त्याच दमात बाईंचा नंबरही देतो. तोंडपाठ आहे त्याला.