खिडकीत कोंबलेला कागद

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि बोटभर पेल्यात द्राक्षरस. त्याआधी पाळक थोडे थांबतात. कुणाचा अपराध केला असेल, कुणाबद्दल मनात अढी असेल, तर आधी ते मिटवा, मगच घ्या, असं सांगतात. त्या थांबण्याची मला सहा वर्षं धास्ती होती. ट्रे समोर आला की मी तो तसाच पुढे सरकवायचे. ट्रे फिरवणारा माझा सख्खा भाऊ. दादाही घ्यायचा नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, वहिनी बाथरूममध्ये गुदमरून गेली. आत गॅसचा गीझर होता. खिडकी कधीही बंद करू नका, असं तो बसवणाऱ्याने दोनदा बजावलं होतं. "अहो, कळतं आम्हाला," असं मीच त्याला ऐकवलं होतं. त्या सकाळी गार वारा येतो म्हणून मी खिडकीच्या काचांमध्ये वर्तमानपत्र कोंबलं, घाईघाईत अंघोळ उरकली आणि हिंजवडीची बस पकडली. माझ्यानंतर वहिनी गेली. तिला अंघोळ निवांत लागायची.

फोन आल्यावर घरी पोचले, तर खिडकी मोकळी होती. दार फोडताना कुणीतरी कागद ओढून टाकला असेल, असं मला वाटलं. सगळे गीझरला बोल लावत होते. दादा येईल त्याला सांगत होता, "मीच आणला होता." मी शेजारीच बसले होते आणि गप्प राहिले. इतकी भेकड मी आयुष्यात कधी नव्हते.

त्यानंतर दादा घरातली एकही खिडकी लावू देईना. पावसात पडदे भिजायचे. मी उठले की तो पेपरातून मान वर न काढता म्हणायचा, "राहू दे. तुला खिडक्या बंद करायची फार हौस." मी परत बसायचे. मग तो पान उलटायचा.

या जानेवारीत त्याने पाळकांना कळवलं, की येत्या रविवारनंतर ट्रे फिरवणार नाही, मी त्या योग्यतेचा नाही. माझ्या पापापायी तो स्वतःला खातोय, हे मला बघवेना. शनिवारी दुपारी तो स्वयंपाकघरात उद्याचे पेले पुसत होता.

"दादा, खिडकीत कागद मी कोंबला होता."

त्याचा हात थांबला नाही. "माहीत आहे. पोलीस यायच्या आत मीच काढला."

"मग तू स्वतःला दोष देत होतास तो?"

"लोकांनी तुझ्याकडे बघू नये म्हणून." त्याने पेला खाली ठेवला. "तुझा फार राग केला मी. अजून करतो. तोंडाने क्षमा म्हणायचो, मनातून सुटत नव्हतं. म्हणून घेत नव्हतो. तू बोलायची वाट बघत होतो."

मी क्षमा मागितली. त्याने उरलेले पेले पुसले. मग तो उठून गेला.

रविवारी पाळक नेहमीसारखे थांबले. ट्रे घेऊन दादा माझ्यासमोर उभा राहिला. त्याने एक पेला उचलून माझ्या हातात दिला आणि दुसरा स्वतः घेतला. मी तिथेच रडले.

घरी आलो, तर वारा सुटला होता.

"थंडी वाजतेय ना तुला?" असं म्हणत दादा उठला आणि त्याने खिडकी लावली.